'बघू' आणि बघणं

कुठल्याही कारखान्यात ट्रेनिंग द्यायला जायचं ठरलं की मी आधी एकच गोष्ट मागून घेते, तिथल्या सेफ्टी कमिटीच्या, म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंट मिळून बसणाऱ्या सुरक्षा समितीच्या, गेल्या तीन वर्षांच्या मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त. बाकी कंपनीचं प्रोफाइल, कोण कोण येणारे त्यांची यादी, हॉलचा फोटो, हे सगळं न मागता येतं. मिनिट्स मात्र दोनदा आठवण केल्याशिवाय येत नाहीत, आणि आली तरी स्कॅन वाकडं असतं. तर एका ठिकाणची अशीच फाईल रात्री उघडून बसले होते, त्यात मुद्दा क्रमांक तीन: "प्रेस नं. ४ जवळ ऑईल गळ्ती, पाहणी करून निर्णय घेऊ." तीन महिन्यांनंतरची मीटिंग, मुद्दा क्रमांक तीन, परत तेच. त्याच्या पुढच्या वेळी परत. मधे एकदा गायब झाला, म्हटलं चला झालं एकदाचं काम, तर पुढच्या वेळी स्वारी पुन्हा हजर. बारा मीटिंगांत नऊ वेळा. आणि नऊच्या नऊ वेळा 'गळ्ती' असंच टाईप केलेलं, म्हणजे कोणीतरी नऊ वेळा कॉपी-पेस्ट केलं होतं आणि चौदा जणांनी नऊ वेळा खाली सह्या ठोकल्या होत्या.

आपल्याकडे 'बघू' हा शब्द फार सोयीचा आहे. नाही पण म्हणायचं नाही, हो पण म्हणायचं नाही, समोरच्याचा मान राहतो आणि आपली सुटका होते. 'पाहणी करून निर्णय घेऊ' हा त्याच 'बघू'ला इस्त्री करून घातलेला कोट. आणि मला गंमत ही वाटते की सेफ्टी कमिटीचं काम अक्षरशः बघणं हेच आहे, उठून जायचं, वाकायचं, टॉर्च मारायचा आणि बघायचं. इथे 'बघू' म्हटलं की सगळे खुर्चीतच बसून राहतात.

मी स्वतः कमिटीत कशी आले ते सांगते. निवडून वगैरे नाही. पॅकिंग लाईनला होते, एके दिवशी सुपरवायझर आले आणि म्हणाले, "ताई, कमिटीत एक लेडीज लागते, तुमचं नाव दिलंय, महिना-दोन महिन्यांतून एक तास बसायचं फक्त." फक्त बसायचं होतं आणि मी बसले. पहिल्या मीटिंगला समोर आठ पानांचा रिपोर्ट, त्यात एलटीआय, फ्रीक्वेन्सी रेट, सीएपीए, कशाचा कशाला पत्ता नाही. विचारायची लाज वाटली. शेजारी बसलेला मेंटेनन्सचा मुलगा वहीत चौकोन काढत होता. तासाभराने रजिस्टर फिरलं, सही केली, बाहेर पडलो. ट्रेनिंग म्हणून जे झालं ते नंतर चार महिन्यांनी, एका दुपारी साठ स्लाइड्स, शेवटी दहा मार्कांची टेस्ट ज्यात सगळेच्या सगळे पास, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. त्या फोटोत मी हसतेय. अजून आहे माझ्याकडे.

त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला मी तोंड उघडलं होतं. लॅमिनेशनच्या मशीनवर रोलरसमोरचं गार्ड काढून बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं, ते मी सांगितलं. मॅनेजर साहेब चांगला माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, बघू आपण." मलाही बरं वाटलं. मिनिट्समध्ये ते आलं नाही, आणि मी ते आलंय का हे तपासलंही नाही, कारण मिनिट्स वाचायची असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सव्वा महिन्याने मामांची दोन बोटं त्या रोलरमध्ये गेली. मामा म्हणजे आमच्या सगळ्यांचेच मामा, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली.

पुढे चौकशी झाली. रूट कॉज: कामगाराचा निष्काळजीपणा, चालू मशीनवर साफसफाई. उपाय: सर्वांनी हातमोजे घालणे बंधनकारक. आता ज्याने रोलरजवळ काम केलंय त्याला हे वाचून घाम फुटेल, कारण फिरणाऱ्या रोलरशी हातमोजा म्हणजे उलट धोका, नुसतं बोट कदाचित वेळेत मागे घेता येईल पण मोज्याचं टोक एकदा पकडलं की अख्खा हात ओढला जातो. फिरतं मशीन असेल तिथे हातमोजे नकोत हा अगदी प्राथमिक नियम आहे. चौकशीच्या टेबलावरच्या एकालाही तो आठवला नाही, मीही त्या टेबलावर होते, आणि मला तर तो माहीतच नव्हता. गार्ड का काढून ठेवलं होतं हे कोणी विचारलं नाही. ते मला मामांनीच नंतर सांगितलं, हाताला बँडेज असताना: दर शिफ्टला पाच-सहा वेळा फिल्म जाम व्हायची, दर वेळी चार बोल्ट खोलायचे, परत लावायचे, आणि टार्गेट तेवढंच. मग कोण लावणार गार्ड? म्हणजे खरा प्रश्न जामचा होता, ती फिल्म अडकायची थांबली असती तर गार्ड आपोआप जागेवर राहिलं असतं.

असो. मी आज ट्रेनिंग घेते त्याचं कारण साधारण हे आहे.

कमिटीवरच्या माणसांना शिकवायचं म्हणजे नियम शिकवायचे असं बहुतेकांना वाटतं. नियम लागतात, नाही असं नाही, पण नियम कागदावर वाचता येतात. जे वाचून येत नाही ते वेगळंच असतं, म्हणजे कामगाराने पहिल्या उत्तरानंतर दुसरा प्रश्न कसा विचारायचा आणि मॅनेजरने पहिलं उत्तर द्यायचं कसं टाळायचं. दोघांचा धडा एकच आहे पण दोघांना तो वेगवेगळ्या बाजूने कठीण जातो. म्हणून मी दोघांना एकाच खोलीत बसवते. काही कंपन्या म्हणतात मॅनेजरांचा अर्धा दिवस वेगळा घ्या, त्यांना वेळ नसतो. मी नाही म्हणते, दोनदा-तीनदा काम हातचं गेलंय त्यापायी. पण वेगवेगळं शिकवलं की काय होतं माहितीये? मॅनेजर 'लायबिलिटी' शिकून येतात आणि कामगार 'हेल्मेट घाला' शिकून येतात आणि दोघांची पुन्हा भेट होते ती अपघात झाल्यावरच.

एकत्र बसवलं तरी सुरुवात कशी होते ते बघण्यासारखं असतं. साहेब लोक पुढच्या रांगेत, कामगार मागे भिंतीला टेकून, मधल्या दोन रांगा रिकाम्या. मी काही बोलत नाही, फक्त मोठे कोरे कागद आणि चार रंगांचे पेन ठेवते आणि सांगते, आपापल्या डिपार्टमेंटचा नकाशा काढा. ही माझी आयडिया नाही. १९६० च्या दशकात इटलीत तुरिनच्या कारखान्यांमध्ये इव्हार ओद्दोने नावाचे डॉक्टर युनियनच्या लोकांबरोबर काम करत होते, तिथे कामगारांनीच आपल्या जागेच्या धोक्यांचे नकाशे काढायची पद्धत आकाराला आली. धोक्यांचे चार गट होते: उजेड-आवाज-उष्णतेसारख्या, घरीही असतात त्या गोष्टी, मग धूळ, धूर, वायू अशा खास कारखान्याच्या, मग अंगमेहनत, आणि चौथा गट कामाचा वेग, कंटाळा, ताण, सतत कुणाची तरी नजर. चौथा गट त्या काळात कोणी मोजत होतं का? आणि त्यांचं मुख्य म्हणणं होतं की आपली तब्येत कशी आहे हे ठरवायचं काम दुसऱ्या कोणावर सोपवायचं नाही, तज्ज्ञ मदतीला घ्या, पण 'तुम्हीच काय ते बघा' म्हणून मोकळं व्हायचं नाही.

नकाशे काढले की भिंतीवर लावते आणि मग गंमत सुरू. साहेबांच्या नकाशात मशीनं अगदी लेआउटप्रमाणे, सरळ रेषेत, पिवळे पट्टे वगैरे. कामगारांच्या नकाशात मशीनं वाकडीतिकडी पण माणसं असतात. कोण कुठून शॉर्टकट मारतं, मोबाईलला रेंज कुठे येते म्हणून फोर्कलिफ्टच्या वळणावर लोक का उभे असतात, कुठल्या दाराला आतून कडी असते. एकदा एका हेल्पर बाईंनी कन्व्हेयरच्या खाली छोटासा चौकोन काढला. मी विचारलं हे काय. म्हणाल्या, "स्टूल." कशाला? "जाम झालं की त्यावर बसून खालनं हात घालून काढतो ना." पाच सेकंद शांतता. प्रॉडक्शन हेड म्हणाले, "आपल्याकडे स्टूल आहे?" तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "चार आहेत, सर." तो प्रॉडक्शन हेड रोज त्या लाईनवरून दोनदा फेरी मारायचा. पण तो फेरी मारतो तेव्हा लाईन चालू असते आणि स्टूल कोपऱ्यात गेलेलं असतं, त्यामुळे त्याचा काही दोष आहे असंही मला वाटत नाही, उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता तो, त्याला फक्त ते कधी दिसलंच नव्हतं.

आता मॅनेजरांचा व्यायाम. पाच मिनिटं. समोरचा कामगार एक धोका सांगणार, आणि तुम्ही उत्तर द्यायचं नाही. 'पण' म्हणायचं नाही, 'त्याचं असं आहे' म्हणायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे आणि लिहून घ्यायचं. सोपं वाटतं? मी मोठमोठ्या हुद्द्याच्या लोकांना दुसऱ्या मिनिटाला खुर्चीत चुळबुळ करताना पाहिलंय. एक प्लँट हेड तर मधेच उठून म्हणाले, "मॅडम, मला उत्तर माहितीये तर मी गप्प का बसू?" मी म्हटलं तुमचं उत्तर बरोबरच असेल हो, पण ते ऐकलं की समोरचा पुढचं वाक्य गिळतो, आणि कामाचं वाक्य बहुधा तेच असतं. बसले ते. तिसऱ्या मिनिटाला त्या ऑपरेटरने सांगितलं की इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबलं तर मशीन थांबतं पण परत चालू करायला इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो, म्हणून रात्रपाळीला ते कोणी दाबत नाही.

मॅनेजरांबद्दल एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, आणि ती कळल्यावर माझा त्यांच्यावरचा निम्मा राग गेला. आधी वाटायचं 'बघू' म्हणजे टाळाटाळ. पुष्कळदा असतेच. पण कितीतरी वेळा कमिटीत पाठवलेल्या माणसाला काही मंजूर करायचा अधिकारच नसतो, एचआरचा ज्युनियर किंवा नवीन सेफ्टी ऑफिसर, त्याला साधं सील बदलायचं म्हटलं तरी वरच्या दोघांच्या सह्या लागतात, आणि हे सगळ्यांसमोर कबूल करायला जीव धजावत नाही. मग तो काय म्हणणार? म्हणून आता मी दुपारच्या सेशनमध्ये मॅनेजमेंटच्या प्रत्येकाला फळ्यावर लिहायला लावते: मी स्वतःच्या सहीने किती खर्च करू शकतो, कुठलं मशीन मी बंद ठेवू शकतो, आणि याच्या वरचं असेल तर कोणाकडे जावं लागतं. एकदा एका कंपनीत सहापैकी पाच जणांनी 'शून्य' लिहिलं. त्या दिवशी आमचं ट्रेनिंग तिथेच थांबलं, डायरेक्टरांना फोन गेला, आणि माझ्या मते त्या ट्रेनिंगमधलं तेवढंच खरं काम झालं.

आणि कामगार प्रतिनिधी? त्यांचं शिकणं सुरू होतं लिहिण्यापासून. 'ऑईल सांडतं' असं म्हटलं तर 'पुसून घ्या' असं उत्तर येणारच. कुठे, कशातून, कधीपासून, दिवसाला किती जण तिथून जातात, कोण घसरलं होतं का, आणि आमचं म्हणणं काय, एवढं दोन ओळींत आणायचं. तीस-तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसांना ह्या दोन ओळी लिहिताना घाम येतो, आणि मग वाचून दाखवताना आवाज बदलतो, जरा ताठ होतो. दुसरं म्हणजे सगळी गाऱ्हाणी घेऊन यायचं नाही. पगार, बदली, रजा, सगळं महत्त्वाचं, पण ते इथे काढलं की सेफ्टीचा मुद्दा त्यात बुडतो आणि समोरच्यालाही आयतं कारण मिळतं. तिसरं, आणि याबाबतीत मी जरा कडक आहे, प्रतिनिधी म्हणजे चौकीदार नव्हे. बऱ्याच ठिकाणी मॅनेजमेंटला ट्रेनिंगमधून काय हवं असतं तर कोणी गॉगल घातला नाही, कोणी हेल्मेटचा पट्टा लावला नाही, याची यादी करणारी फुकटची माणसं. एकदा का सोबतच्यांनी त्याला 'साहेबांचा माणूस' ठरवलं की त्याला कोणी स्टूलबद्दल सांगणार नाही.

हेल्मेट-गॉगलवरून आठवलं. उपायांची उतरंड असते ती मी बोर्डावर उलटी काढते, सगळ्यात खाली पीपीई, म्हणजे हेल्मेट-गॉगलसारख्या वस्तू. आधी धोका काढूनच टाकता येतो का, नाही तर कमी धोक्याचं काही वापरता येतं का, मग मशीनलाच बसवायचे उपाय, गार्ड-इंटरलॉक-एक्झॉस्ट, मग पद्धत आणि पाट्या, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. प्रत्यक्षात चर्चा कायम खालून सुरू होते कारण खालची पायरी स्वस्त, आणि जबाबदारी कामगाराच्या डोक्यावर, अगदी शब्दशः. आवाजाचंच घ्या. आठ तासांना ८५ डेसिबल ही नायॉश या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा, आणि त्यांच्या हिशेबाने आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते, ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर समजायचं की आपण ८५ च्या आसपास किंवा वर आहोत. हे मी हॉलमध्ये सांगत नाही, जोड्या करून फ्लोअरवर पाठवते, एक मॅनेजर एक कामगार, आणि तिथे उभं राहून एकमेकांना मागच्या आठवड्यात काय केलं ते सांगायला लावते. परत येतात तेव्हा बहुतेकांचा घसा बसलेला असतो, इअरप्लगचं बॉक्स कुठे ठेवायचं हा विषय मागे पडलेला असतो आणि कॉम्प्रेसर बाहेर हलवता येईल का यावर दोघं बोलत असतात.

लोक विचारतात एवढं सगळं कशाला, कायद्यात कमिटी आहे म्हणून कमिटी. पण कायद्यात ती आली कशी? फुकट नाही आली. आपल्याकडे भोपाळ झालं, २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र, आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन ४१-जी कलम आलं, धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सेफ्टी कमिटी हवी आणि तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन समसमान, असं त्यात होतं. त्याच्या पुढच्याच कलमात, धोका समोर दिसत असेल तर तो नजरेला आणून द्यायचा कामगाराचा हक्क होता; २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. कॅनडात ओंटारिओमधल्या एलियट लेकच्या युरेनियम खाणीत सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने माणसं जात होती, आणि त्या धोक्याबद्दल सरकारकडे काय माहिती आहे हे युनियनच्या लोकांना कळलं ते जर्मनीतल्या बॉनमध्ये भरलेल्या परिषदेत. हे १९७४ चं, खाणीत संप झाला, आयोग बसला, १९७६ ला रिपोर्ट आला, आणि पुढे कायद्यात तीन हक्क पक्के झाले, माहिती असण्याचा, सहभागाचा, आणि धोकादायक कामाला नाही म्हणण्याचा. आज तिथे कमिटीतल्या दोन्ही बाजूंच्या किमान एकेका सभासदाला रीतसर सर्टिफिकेशन करावं लागतं, आधी सगळ्यांना लागू असा भाग, मग आपापल्या जागेच्या धोक्यांचा, आणि तीन वर्षांनी उजळणी.

ब्रिटनमध्ये कामाच्या जागच्या सुरक्षिततेच्या १९७४ च्या कायद्यानंतर १९७७ चे नियम आले. युनियनने नेमलेल्या दोन सेफ्टी प्रतिनिधींनी लेखी मागितलं की मालकाला तीन महिन्यांत कमिटी करावी लागते, आणि ट्रेनिंगचा वेळ पगारी. मला त्यातला सगळ्यात आवडता भाग म्हणजे तिथल्या टीयूसीचा, म्हणजे कामगार संघटनांच्या महासंघाचा, दहा दिवसांचा कोर्स, कारण तो बरेचदा सलग नसतो, आठवड्याला एक दिवस असा दहा आठवडे. एक दिवस शिका, मग जाऊन आपल्या फ्लोअरवर करून बघा, फसलात की पुढच्या आठवड्यात येऊन सांगा. मला हे करायला मिळत नाही. मला 'दोन दिवसांत उरकता येईल का' असं विचारतात, आणि खरं सांगायचं तर मी दोन दिवसांत उरकते, फक्त अट घालते की दोन दिवसांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर पाहिजे. पहिल्या दिवशी सगळे माना डोलावतात. तीन आठवड्यांनी येतात तेव्हा चेहरे पडलेले असतात, प्रश्न खरे असतात, आणि दोन-तीन जण माझ्यावरच चिडलेले असतात. तिथून शिकवायला मजा येते.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक बॅचला सांगतेच, त्याशिवाय मला राहवत नाही. बांगलादेशातलं राणा प्लाझा. २३ एप्रिल २०१३ ला इमारतीला भेगा पडलेल्या दिसल्या. एका इंजिनियरने सांगितलं, रिकामी करा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या फॅक्टऱ्यांमधल्या लोकांना मात्र कामावर बोलावलं. त्या सकाळी इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. हे सांगून झालं की मी विचारते, इथे कमी काय पडलं? पहिलं उत्तर नेहमी 'जागरूकता' असं येतं, पोस्टरवर असतो तो शब्द. मग कोणीतरी म्हणतं, अहो मॅडम, भेग तर सगळ्यांना दिसत होती. दिसत होतीच. लोक बाहेर उभे राहून कुरकुरत होते, आत जायची भीती वाटत होती त्यांना. पण एकटी बाई मशीनवर बसायला नाही म्हणाली तर तिचा पगार कापणार, आणि सगळ्यांच्या वतीने 'नाही' म्हणायला त्यांनी निवडलेलं, शिकलेलं, लेखी अधिकार असलेलं कोणी नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात जो अकॉर्ड झाला, ब्रँड आणि युनियनमधला करार, त्यात इमारतींच्या तपासणीबरोबर फॅक्टरीतल्या सेफ्टी कमिट्यांचं ट्रेनिंग आणि धोकादायक काम नाकारायचा हक्क हे दोन्ही आलं.

ट्रेनिंगने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यावर चालतं तरी. कमिटी उत्तम शिकलेली आणि तरी पहिले पाढे पंचावन्न, असं मी पाहिलंय. जिथे कॉन्ट्रॅक्टचे लोक दर सहा महिन्यांनी बदलतात तिथे आज शिकवलेला प्रतिनिधी पुढच्या बॅचला नसतोच, आणि सगळ्यात धोक्याचं काम बहुतेक त्यांच्याकडेच असतं. जिथे बोललेल्याची दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी लागते तिथे मी कितीही नकाशे काढून घेतले तरी लोक त्यात स्टूल दाखवणार नाहीत, आणि बरोबर करतात ते. हे मी मॅनेजमेंटला तोंडावर सांगते. काही जण परत बोलवत नाहीत.

त्या 'गळ्ती'वाल्या कंपनीने परत बोलावलं. दुसरा दिवस झाल्यावर म्हणाले, आमची पुढची मीटिंग आहे, मागे बसून बघा. गेले. मुद्दा क्रमांक तीन आला. मेंटेनन्सचे साहेब सवयीने म्हणाले, "हो, ते आपण बघू." आणि प्रेसवरची एक ऑपरेटर, जी दोन्ही दिवस माझ्या ट्रेनिंगमध्ये फारशी बोललीच नव्हती, ती खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि म्हणाली, "चला ना मग." कोणाला काही कळेना. "बघू म्हणालात ना सर, चला, दोन मिनिटांवर आहे."

गेलो सगळे, रांगेने, कानात प्लग घालून. प्रेस चारच्या डाव्या बाजूला जमिनीवर भुसा टाकलेला, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पावलांचे काळे ठसे, आणि बाजूला एक कापलेला डबा, अर्धा भरलेला. तिने डब्यावर मार्करने रेघा मारल्या होत्या, शेजारी तारखा, तीन आठवड्यांच्या, दर शिफ्टला किती जमतं ते. मी असं काही शिकवलं नव्हतं. साहेब खाली बसले, पँटच्या गुडघ्याला तेल लागलं, टॉर्च मागितला, सिलिंडरच्या सीलवर मारला, बोटाने पुसून परत किती वेळात येतं ते पाहिलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग उठून हात पुसत म्हणाले, "सील गेलंय. मशीन चार तास बंद ठेवावं लागेल. गुरुवारी करून टाकतो."

तिने वही उघडली, पेनचं टोपण दातांत धरलं आणि विचारलं, "कुठल्या?"